स्टॅटिक म्हणजे काय, सर?

मुंबईच्या उपनगरांत जावा शिकलेल्या बहुतेकांच्या कानात पहिल्या तासाचं एक वाक्य अजून असेल : “हे आत्ता पाठ करा, अर्थ नंतर कळेल.” ‘हे’ म्हणजे पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन. पडद्यावर दोन शब्द उमटवायचे, तर क्लास, स्टॅटिक, अ‍ॅरे असं सगळं न शिकताच लिहावं लागे.

जेम्स गॉसलिंग आणि सहकाऱ्यांची ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जाहीर केली. टर्बो सीच्या निळ्या पडद्याला कंटाळलेल्या मुलांना ब्राउझरमध्ये हलणारं अ‍ॅपलेट, म्हणजे वेबपानात चालणारा छोटा जावा प्रोग्रॅम, जादूच वाटे. बालगुरुसामींच्या जावाच्या पाठ्यपुस्तकातून अ‍ॅपलेटचे प्रोग्रॅम जर्नलमध्ये उतरले, व्हायवाला विचारले गेले आणि २०१७ मध्ये जावा ९ ने अ‍ॅपलेटला अधिकृतपणे निवृत्तीच्या यादीत टाकलं. कीबोर्डवरून एक आकडा घ्यायला बफर्डरीडरची कसरत होती. ती २००४ मध्ये जावात ‘स्कॅनर’ हा सोपा क्लास आल्यावर संपली. पुढे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमुळे जावाचे धडे मराठीतही ऐकता येऊ लागले. आणि सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ मध्ये ती पहिली ओळ नुसत्या ‘व्हॉइड मेन’वर आली. तीस वर्षं लागली!

या सगळ्या सोपस्कारांत अल्गोरिदमच्या वाट्याला सत्राचा शेवट यायचा. बबल सॉर्ट, बायनरी सर्च, संपलं. माझ्या मते खरा विषय तिथेच होता. क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधणाऱ्या बायनरी सर्चचंच घ्या. मधली जागा काढायला दोन टोकं मिळवून दोनने भागायची, इतकं साधं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही तसंच लिहिलेलं होतं. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये जाहीर केलं, की त्यात चूक आहे. जावाच्या ‘इंट’मध्ये २१४ कोटींच्या आसपासचीच संख्या मावते. यादी १०७ कोटींच्या पुढे गेली, की बेरीज त्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होते आणि प्रोग्रॅम कोसळतो. कागदावरचा अल्गोरिदम बरोबर, यंत्रातला चूक. उपाय एका ओळीचा : टोकांमधलं अंतर निम्मं करून खालच्या टोकात मिळवायचं. वर्गात हे सांगायला दहा मिनिटं पुरतात.

संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांचा सर्वांत जवळची वाट शोधणारा अल्गोरिदम तर सहसा ‘वेळ मिळाला तर’ या खात्यात जायचा. १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत त्यांनी तो कागद-पेन्सिलीवाचून, वीसेक मिनिटांत जुळवला. मुंबईतल्या खाडीपलीकडच्या मनोरी गावातल्या मुलांना तो शिकवायला फळ्यावर अ, ब, क कशाला काढायचे? मालाडला जायचं तर एक वाट बोटीने खाडी ओलांडून मार्वेवरून, दुसरी उत्तन-भाईंदरचा वळसा घालून. प्रत्येक टप्प्यावर मिनिटं लिहा, बोटीची वाट पाहण्याचा वेळही धरा. मग खाडी खवळली म्हणून बोट बंद आहे असं समजून ती रेघ पुसा, आणि उत्तर पुन्हा काढायला सांगा.