जादा दिवे आणि समोरचा माणूस

मंडळी, जीपला जादा दिवे जोडताना आपण आधी हिशेब करू. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून नेला तर स्विच तापून वितळू शकतो. म्हणून मध्ये रिले घालायचा: स्विच नुसता हुकूम देतो, भार रिले उचलतो. १५ अँपिअरचा फ्यूज मात्र बॅटरीजवळच हवा. का? तर फ्यूज दिव्याला नव्हे, तारेला राखतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार घासून बॉडीला टेकली, तर तिला वाली कोण? तिथंच आग लागते. आणि रिलेला हुकूम अप्परच्या तारेवरून द्यावा, म्हणजे डिपर केला की जादा दिवेही विझतात. कच्च्या घाटवाटेवर समोरच्याचे डोळे दिपले, तर दरीच्या कडेला आपणही त्याच्यासोबतच असतो; नेमकं हेच आपण विसरतो.