कुलूप भक्कम, पण कोयंडा?

सुट्टीत बंद घर फोडल्याच्या बातमीत ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द हमखास असतात. चोर बहुधा कुलपाशी झटत बसत नाही. तो कोयंड्यात पहार अडकवतो. ही साधी तरफ. टेकूपासून हात 60 सेंटिमीटरवर आणि कोयंडा 5 सेंटिमीटरवर असेल, तर जोर 12 पट होतो. लाकडात जेमतेम अर्धा इंच शिरलेले स्क्रू तो कसा सोसणार? महागडं कुलूप मग कोयंड्यासकट खाली पडतं. म्हणून कुलपावर पैसे घालण्याआधी दाराच्या आरपार जाणारे, बाहेरून गोल डोक्याचे बोल्ट बसवा. नट आतल्या बाजूला. खर्च किरकोळ आहे. गावाला निघताना शेजाऱ्यांना जरूर सांगा, पण हे काम त्याआधीच सुताराकडून करून घ्या.