मांजरीच्या पिल्लाला किती पाजावं, किती वेळा पाजावं?

घर, अंगण आणि मुकी जनावरं : लेखांक ६

धान कापणीला आलं की आलापल्लीच्या आसपास मांजरीची पिल्लं सापडू लागतात. कधी बांधीच्या धुऱ्यावरच्या गवतात, कधी तणसाच्या ढिगात, कधी घरामागच्या सरपणात. ज्याला सापडतं तो ते उचलून घरी आणतो आणि पहिलं काम करतो ते वाटीत गाईचं दूध ओतण्याचं. पिल्लू भुकेलेलं असतं, ते पितं, पोट टम्म फुगतं आणि घरातल्यांना समाधान वाटतं. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू होतात. तिसऱ्या दिवशी पिल्लू हातपाय गार करून पडून राहतं. घरातले म्हणतात, आईविना जगलं नाही बिचारं. खरं कारण पुष्कळदा वेगळं असतं. चुकीचं दूध, चुकीच्या मापाने, चुकीच्या वेळी पाजलेलं असतं.

मागच्या लेखात आपण व्यायलेली मांजर पिल्लांची काळजी कशी घेते ते पाहिलं. आज आई नसेल तेव्हा तिचं काम आपण कसं करायचं ते पाहू.

आधी ओळखा, पिल्लू कोणाचं

जंगलाला लागून असलेल्या गावात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. रानमांजराच्या पिल्लांच्या अंगावर जन्मतः पट्टे असतात. वाढत्या वयात ते फिके होतात, पण लहानपणी ती पिल्लं घरच्या पट्टेरी मांजरीच्या पिल्लांसारखीच दिसतात. आपल्या राज्यात वाघाटीही आहे, जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक. तिचं पूर्ण वाढलेलं जनावर दीड किलोच्या आसपास भरतं, मग पिल्लू किती लहान असेल ते लक्षात घ्या. शेतात किंवा रानात सापडलेलं पिल्लू यांपैकी एखादं असू शकतं. त्याला घरी आणणं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ते बहुतेक वेळा अनाथ नसतंच. आई शिकारीला गेलेली असते, किंवा पिल्लं एकेक करून दुसऱ्या जागी हलवत असते.

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याने गेलं की हेमलकसा लागतं. १९७३ मध्ये तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकारीत आई मारली गेलेली पिल्लं डॉ. प्रकाश आमटे यांनी माडिया लोकांकडून मागून घेतली आणि वाढवली. त्यातून तिथलं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. ती पिल्लं खरोखर पोरकी होती, त्यांना माणसाशिवाय दुसरा आधार नव्हता. धुऱ्यावर सापडलेल्या पिल्लाची गोष्ट तशी नसते. जुन्नर भागात उसाच्या तोडणीत बिबट्याची किंवा रानमांजराची पिल्लं सापडतात, तेव्हा वनखातं आणि तिथले प्राणिमित्र ती पिल्लं संध्याकाळी त्याच जागी ठेवतात. अंधार पडल्यावर आई येऊन त्यांना घेऊन जाते. आलापल्लीतही हेच करायचं आहे. पिल्लाला काही पाजू नका, जागा लक्षात ठेवा, कापणी थोडा वेळ थांबवा आणि वनविभागाला किंवा १९२६ या क्रमांकावर कळवा.

पिल्लू घरच्या मांजरीचंच आहे आणि आई परत येत नाही अशी खात्री झाली, तरच पुढचं वाचा.

आधी ऊब, मग दूध

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या गर्दीतच ते उबदार राहतं. गार पडलेल्या पिल्लाची आतडी जवळपास थांबतात. अशा वेळी पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथेच नासतं. म्हणून थंडगार पिल्लाला दूध पाजणं उपाशी ठेवण्यापेक्षा घातक ठरतं.

गडचिरोलीची डिसेंबर-जानेवारीतली रात्र अंगात शिरते. खोक्यात जुनं फडकं अंथरा. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी राहू द्या, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लू सरकू शकेल. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवतीची हवा ३० अंश सेल्सिअसच्या आसपास हवी. पिल्लाचं तोंड आणि पंजे हाताला कोमट लागले, ते हालचाल करू लागलं, की मग दुधाची तयारी करा. पिल्लू गार असेल तर त्याला हळूहळू, तासभर घेऊन ऊब द्या. चुलीजवळ ठेवून घाई करू नका.

कोणतं दूध

गाईचं दूध वासरासाठी असतं. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. गाईच्या दुधातून तेवढं बळ मिळवायचं तर पिल्लाला फार दूध प्यावं लागतं आणि तेवढ्या दुधातली साखर त्याच्या आतड्यांना झेपत नाही. जुलाब होतात ते यामुळे. शेळीचं दूध चालतं असा सर्वत्र समज आहे, पण प्रथिनांच्या बाबतीत ते गाईच्या दुधाच्या जवळचंच आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो, तरी प्रथिनं कमीच पडतात.

खरा उपाय म्हणजे मांजरीच्या पिल्लांसाठी तयार मिळणारी दुधाची भुकटी. ती आलापल्लीच्या बाजारात सहज मिळत नाही, चंद्रपूर किंवा नागपूरहून मागवावी लागते. ती येईपर्यंत एक-दोन दिवसांची तजवीज घरी करता येते. अर्धा कप, म्हणजे सुमारे १२० मिली, उकळून कोमट केलेल्या गाईच्या दुधात एका अंड्याचा पिवळा बलक नीट घुसळा. साखर घालू नका, पाणी वाढवू नका. ही सोय तात्पुरती आहे, तिच्यावर महिना काढता येणार नाही.

मे महिन्यात आलापल्लीत कालवलेलं दूध तासाभरातच खराब होऊ लागतं. म्हणून प्रत्येक वेळी लागेल तेवढंच बनवा आणि उरलेलं टाकून द्या.

माप वजनावर ठरतं

पिल्लू रडतं म्हणून पाजायचं आणि झोपलं म्हणून थांबवायचं, असं घरोघरी चालतं. पण भरलेल्या पोटाचं पिल्लू थंडीनेही रडतं आणि अशक्त झालेलं पिल्लू भुकेलं असूनही गप्प झोपतं. म्हणून रडण्यावर विसंबू नका. विश्वास ठेवावा तो तराजूवर. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा किंवा स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो. रोज सकाळी, पहिल्या दुधाआधी, पिल्लाचं वजन घ्या आणि वहीत लिहा.

निरोगी पिल्लू जन्मतः साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढतं. दिवसभराच्या दुधाचा ढोबळ हिशेब सोपा आहे : वजनाच्या दर १०० ग्रॅममागे सुमारे २० मिली. आणि एका वेळची मर्यादा : दर १०० ग्रॅममागे ४ मिली. लहान पोटात याहून जास्त मावत नाही. जास्त पाजलं तर ते नाकातून येतं किंवा जुलाबातून जातं.

या दोन आकड्यांवरून वेळापत्रक आपोआप तयार होतं.

पहिला आठवडा : वजन १०० ते १५० ग्रॅम. दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा. एका वेळी २ ते ४ मिली.

दुसरा आठवडा : वजन २०० ग्रॅमच्या आसपास. दर तीन ते चार तासांनी. एका वेळी ६ मिली.

तिसरा आठवडा : वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. दर चार ते पाच तासांनी. एका वेळी १० ते १२ मिली.

चौथा आठवडा : वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. दर पाच तासांनी. एका वेळी १६ मिलीपर्यंत.

वय माहीत नसेल तर डोळे आणि दात पाहा. डोळे मिटलेले असतील तर पहिला आठवडा. डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात. पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्यात टोचू लागतात.

एक दिवस वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवा. वजन घटलं, किंवा जुलाब थांबत नाहीत, किंवा पिल्लू दूध ओढेनासं झालं, तर घरगुती उपाय करत बसू नका. एवढ्याशा शरीरात पाणी कमी व्हायला अर्धा दिवस पुरतो. जवळचा शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ वर फोन करा.

पाजताना

औषधाच्या दुकानात १ किंवा २ मिलीची सिरिंज मिळते. सुई काढून टाका. पिल्लाला पोटावर ठेवा, मान किंचित वर, आईच्या कुशीत असतं तसं. तान्ह्या मुलासारखं उताणं कधीही धरू नका. उताण्या पिल्लाच्या श्वासनळीत दूध जातं आणि न्यूमोनियाने ते दगावतं. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहा, ते कोमट लागलं पाहिजे. सिरिंज जोराने दाबू नका, पिल्लू जेवढं चोखेल तेवढंच सोडा.

पाजून झाल्यावर एक काम राहतं आणि तेच पुष्कळ लोक विसरतात. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून लघवी आणि शी करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. आपण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्याच्या शेपटीखाली हलकेच पुसायचं, दर वेळी दूध पाजल्यावर. हे केलं नाही तर पोट फुगतं आणि आपल्याला वाटतं, दूध जास्त झालं.

दात आल्यावर

चौथ्या आठवड्यापासून आई पिल्लांकडे शिकार आणू लागते. आपणही तेव्हाच सुरुवात करायची. दुधाच्या भुकटीत मऊ शिजवलेली, बारीक केलेली कोंबडी कालवून पसरट थाळीत ठेवा. आठव्या आठवड्यापर्यंत दूध हळूहळू कमी करत बंद करा. पाणी मात्र जवळ कायम असू द्या.

इथे खेड्यात सगळ्यात मोठी गल्लत होते. दूध-भात हे मांजराचं जेवण आहे असं आपण लहानपणापासून पाहत आलो. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो तिला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. हृदय कमकुवत होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. भाताने पोट भरतं, पण ही गरज भागत नाही.

दोन महिन्यांचं पिल्लू ८०० ते ९०० ग्रॅमचं असतं आणि त्याला दिवसाला सुमारे १६० ते १८० कॅलरी लागतात. पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य असेल तर ४५ ते ५० ग्रॅम पुरतं. उकडलेली कोंबडी असेल तर साधारण १०० ग्रॅममधून तेवढी शक्ती मिळते, पण नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं, हाडं ठिसूळ होतात. म्हणून परवडेल तेवढं तयार खाद्य ठेवून त्याला जोड द्या : उकडलेलं अंडं, आणि काट्यांसकट मऊ शिजवून कुस्करलेल्या बारीक मासोळ्या. सुकट द्यायची तर पाण्यात भिजवून मीठ काढून टाका. काळीज आठवड्यातून एकदा, चवीपुरतं. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नको, कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेल्या कोंबडीची हाडंही नकोत.

आणि किती वेळा? दोन ते चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. यामागचं कारण तुमच्या धानाच्या ढोलीजवळच आहे. एका उंदरात साधारण ३० कॅलरी असतात. मोठ्या मांजरीला दिवसाला २०० ते २५० कॅलरी लागतात, म्हणजे सात-आठ उंदीर, आणि ते सगळे एका वेळी सापडत नाहीत. दिवसभर थोडं थोडं खाणं ही तिच्या शरीराची घडण आहे. पिल्लाचं पोट त्याहून लहान आणि वाढ वेगाची, म्हणून त्याच्या बाबतीत हा नियम अधिकच कडक.

एवढं सगळं एका माणसाने रात्रंदिवस करणं कठीण आहे. घरातल्या दोघा-तिघांनी पाळ्या वाटून घ्या आणि वजनाची वही सगळ्यांना दिसेल अशी टांगा. कोणी किती वाजता किती पाजलं ते प्रत्येकाने लिहा, म्हणजे दोनदा पाजणंही टळेल आणि विसरणंही. पिल्लाचा जीव वाचतो तो या शिस्तीने.

*पुढच्या लेखात : पिल्लांना जंताचं औषध कधी द्यायचं, लसी कोणत्या आणि रेबीजची लस का चुकवायची नाही.*