बालाघाटचे तांबे आणि दीड किलोची गाडी

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा महाराष्ट्राच्या गोंदियाला लागून आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी बालाघाट आणि विदर्भ एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आज हा जिल्हा ओळखला जातो तो प्रामुख्याने दोन खाणींमुळे. मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीचा, १९८२ मध्ये स्थापन झालेला तांब्याचा प्रकल्प आहे. देशातील तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण म्हणून ती ओळखली जात असे. बालाघाट शहरालगतच्या भरवेली येथे नागपूरस्थित ‘मॉइल’ची मँगनीजची भूमिगत खाण असून आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत तिची गणना होते.

खाण म्हणजे काय, हे गोव्यातील वाचकाला सांगावे लागत नाही. मात्र खाणीतून निघालेला धातू अखेर कोठे पोहोचतो, याचा माग क्वचितच घेतला जातो. रेडिओ-नियंत्रित टूरिंग गाड्या जुळवणे आणि सुधारणे हा छंद तो माग घेण्यास उपयोगी पडतो. गाडीची मोटर तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांवर चालते. पोलादी दांडे व स्क्रू यांना चिवटपणा येतो तो पोलादातील मँगनीजमुळे. हातातील नियंत्रकात घातले जाणारे साधे सेल मँगनीज डायऑक्साइडवर चालतात. एखाद्या गाडीतील तांबे बालाघाटचेच असेल असे नव्हे. बहुतेक संच परदेशात तयार होतात. पण हिशेब सर्वत्र सारखाच. मलाजखंडच्या खनिजात तांब्याचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे. म्हणजे दहा ग्रॅम तांब्यासाठी किमान एक किलो खनिज फोडावे लागते, आणि त्यासाठी हलवावी लागणारी माती व दगड वेगळेच. जळालेली मोटर कचऱ्यात टाकताना हा आकडा आठवावा.

खेळणे आणि यंत्र

टूरिंग कार म्हणजे रस्त्यावरच्या नेहमीच्या मोटारीवरून बेतलेली शर्यतीची गाडी. छंदातील प्रतिकृती साधारणतः तिच्या एक-दशांश आकाराची असते आणि बॅटरीसह तिचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. जपानच्या शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ची एक-बारांश आकाराची रेडिओ-नियंत्रित गाडी संचाच्या रूपात बाजारात आणली आणि या छंदाला घरोघरी वाट मिळाली. १९९० च्या दशकात चारही चाकांना शक्ती देणाऱ्या एक-दशांश टूरिंग गाड्या लोकप्रिय झाल्या.

दुकानातील रिमोटच्या खेळण्यात आणि या गाडीत खरा फरक वेगाचा नाही, सुट्या भागांचा आहे. खेळण्याचा एक दात तुटला की सारे खेळणे निकामी होते. संचाच्या गाडीत तो गिअर तेवढा काढून नवा बसवता येतो. गाडी स्वतः जुळवलेली असल्याने कोणता भाग कोठे आहे, हे मालकास ठाऊक असते. म्हणूनच या छंदाचा पहिला धडा स्क्रूड्रायव्हर हाती घेऊनच मिळतो.

सुधारणांचा क्रम

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे सर्वप्रथम जोरदार मोटर विकत घेणे. तामियाची ‘टीटी-०२’ ही नवशिक्यांची परिचित गाडी उदाहरणादाखल घेता येईल. तिच्या मूळ संचात फिरत्या भागांना प्लास्टिकचे बुश असतात. ते घासतात, त्यांत धूळ बसते आणि बॅटरीची शक्ती घर्षणात वाया जाते. त्याजागी छर्‍यांची बेअरिंग बसवली की तीच मोटर, तीच बॅटरी असूनही गाडी हलकी धावते आणि अधिक वेळ चालते. पहिला खर्च येथे करावा.

दुसरी पायरी शॉक अ‍ॅब्सॉर्बरची. मूळचे शॉक केवळ स्प्रिंग व घर्षणावर चालतात. खड्ड्यावर गाडी उसळली की ती उसळतच राहते. तेल भरलेल्या शॉकमध्ये दट्ट्याला तेलातून वाट काढावी लागते. त्यामुळे उसळी लवकर जिरते आणि चाके जमिनीला टेकून राहतात. तिसरी पायरी टायरची. वळणावर गाडीला धरून ठेवतो तो रबर. त्याची पकड नसेल तर वाढीव शक्ती चाक जागीच फिरवण्यात खर्ची पडते.

मोटरचा विचार यानंतर करावा, आणि तोही गिअरसह. ‘टीटी-०२’ च्या मूळ जुळणीत मोटरवरच्या छोट्या गिअरला २२ आणि मोठ्या गिअरला ७० दात असतात. आतील गिअरचे २.६ हे गुणोत्तर धरले की मोटरच्या ८.२७ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. छोटा गिअर २५ दातांचा केला तर हा आकडा ७.२८ होतो. गाडीचा कमाल वेग वाढतो, पण सुरुवातीची ओढ घटते आणि मोटर अधिक तापते. ताप मर्यादेबाहेर गेला की तांब्याच्या तारेवरील रोधक लेप जळतो, वेटोळी आपसात चिकटतात आणि मोटर संपते. जोरदार मोटर लावताना म्हणूनच छोट्या गिअरचे दात कमी करावे लागतात.

मूळ मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात व ते झिजतात. ब्रशलेस मोटरमध्ये चुंबक फिरतो, तांब्याची वेटोळी स्थिर राहतात आणि विद्युतप्रवाहाची दिशा वेगनियंत्रक बदलतो. घासणारा ब्रश नसल्याने तिची झीज कमी, आयुष्य अधिक. मात्र तिच्यासाठी निराळा वेगनियंत्रक लागतो. शिवाय वाढलेला जोर पुढे गिअर, दांडे व सांध्यांवर येतो. एक भाग बळकट केला की ताण त्याच्या शेजारच्या दुबळ्या भागावर सरकतो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, गाडी चालवून पाहावी, नोंद ठेवावी आणि मगच पुढचा भाग घ्यावा.

बॅटरीबाबत तडजोड नको

या छंदात खरा धोका बॅटरीत आहे. लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी व जोरदार असते, पण तिला शिस्त लागते. एका सेलचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि वापरात तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. चार्जर सेलमधील दाब समान राखणाराच हवा. बॅटरी चार्ज होत असताना ती न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावी आणि कोणीतरी जवळ असावे. बरेच दिवस वापर नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये. लहान मुलांच्या हाती गाडी द्यावी, चार्जर देऊ नये.

निकामी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकणे धोक्याचे तर आहेच, नियमबाह्यही आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरगुती कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलनासाठी देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे.

गोव्याच्या हवेत

टूरिंग गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम पाच ते दहा मिलिमीटर उंच असते. त्यामुळे समुद्रकिनारा तिच्यासाठी नाही. बारीक वाळू गिअरमध्ये शिरते आणि खारट ओलाव्याने बेअरिंग गंजतात. सुटीच्या दिवशीचे मोकळे, सपाट सिमेंटचे आवार तिला मानवते. रहदारीचा रस्ता मात्र कदापि नको. पावसाळ्यात गाडी उघडून, पुसून, बेअरिंगना तेलाचा थेंब देऊन ठेवावी.

खर्चाचा विचारही आधी व्हावा. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. परदेशातून संच मागवताना छापील किमतीवर विसंबून चालत नाही. सुटे भाग नियमित मिळणारी, साधी गाडी निवडणे हेच यामुळे शहाणपणाचे ठरते.

दोन वर्षे जपलेल्या अशा गाडीत मूळचे भाग थोडेच उरतात. तरीही ती फेकली गेलेली नसते. एक बेअरिंग, एक गिअर, एक टायर अशा क्रमाने ती पुन्हा धावती राहते. ज्या मुलाने एकदा जळालेली मोटर उघडून आतली काळवंडलेली तार पाहिली, त्याला पंखा, मिक्सर आणि पाण्याचा पंप यांतली तारही ओळखीची वाटते. दुरुस्त करता येते ते टाकू नये, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.