पंधरा पास्कलची राखण

सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा ट्यूबमध्ये हवा भरतो आणि ती पाण्याच्या घमेल्यात बुडवतो. भोकातून बुडबुडे बाहेर येतात; पाणी मात्र आत शिरत नाही. आतला दाब जास्त आहे तोवर भोक असूनही वाट एकेरी राहते. इंजेक्शने भरण्याच्या खोल्या याच तत्त्वावर चालतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे खर्चाच्या हिशेबात येईलच.

अशा खोलीला क्लीनरूम म्हणतात. तिचे आधुनिक रूप अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केले. छतातल्या गाळण्यांतून हवा सतत आत सोडली जाते. या गाळण्या ०.३ मायक्रॉनचे कणही शेकडा ९९.९७ अडवतात. (कानडीत हवेला 'गाळी' म्हणतात, तेव्हा गाळणीतून गाळी, ही कोटी बेळगावकरालाच सुचायची!) पण गाळणी कितीही चांगली असली तरी दाराखालच्या फटीचे काय? त्यावर उपाय असा की जितकी हवा बाहेर काढायची, त्याहून थोडी जास्त आत सोडायची. वरकड हवा फटीतून बाहेर पडत राहते आणि धुळीला उलट येता येत नाही.

हा दाब फार मोठा असेल, असे वाटते. प्रत्यक्षात शेजारशेजारच्या खोल्यांत १० ते १५ पास्कलचा फरक ठेवतात. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो, हे लक्षात घ्या. जिन्याच्या सात-आठ पायऱ्या चढल्यावर हवेचा दाब जेवढा उतरतो, तेवढाच हा फरक! औषध भरण्याची खोली, तिच्या बाहेरची खोली, कपडे बदलण्याची खोली, मग व्हरांडा, असा तो पायरीपायरीने उतरत जातो. दार उघडले की फरक क्षणात नाहीसा होतो. म्हणून मध्ये दोन दारांची लहान खोली, म्हणजे एअरलॉक, असते आणि तिची दोन्ही दारे एकाच वेळी उघडत नाहीत. भिंतीवरच्या गेजचा आकडा नोंदवहीत लिहावा लागतो.

मात्र हवा नेहमी बाहेरच ढकलायची असते असे नाही. क्षयरोग्याच्या खोलीत दाब उलट कमी ठेवतात, कारण तिथे जपायचे असते ते बाहेरच्यांना. खरी पंचाईत होते पेनिसिलीनच्या इंजेक्शनांची. बाहेरची धूळ आत नको आणि पेनिसिलीनची भुकटीही बाहेर नको, कारण काहींना तिची जीवघेणी ॲलर्जी असते. अशा वेळी एअरलॉकमधला दाब दोन्ही बाजूंपेक्षा कमी ठेवतात. दोन्हीकडची हवा तिथे येते आणि तिथूनच ओढून गाळली जाते. मला तरी ही युक्ती सर्वांत सुंदर वाटते.

मग दाब आणखी का वाढवू नये? कारण बाहेर गळणारी प्रत्येक घनफूट हवा आधी थंड केलेली, कोरडी केलेली आणि गाळलेली असते. तिचे पैसे मोजलेले असतात. शिवाय दोन चौरस मीटरच्या दारावर १५ पास्कल म्हणजे सुमारे तीन किलो वजनाचा रेटा पडतो. दाब वाढवत गेलो तर दार उघडणेही कठीण, आणि फटी शिट्ट्या वाजवू लागतात.

उलट, काटकसर महाग पडते. २०१२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या कंपनीच्या बुरशीयुक्त इंजेक्शनांमुळे २० राज्यांत ७५० च्या वर लोक आजारी पडले आणि ६० हून अधिक दगावले. दोष अनेक होते. पण क्लीनरूमचे वातानुकूलन रोज रात्री ८ ते पहाटे ५.३० बंद ठेवत, अशी नोंद सरकारी तपासनिसांनी केली. अशा खोलीतले पंखेच थांबले तर दाबाचा फरक जातो, आणि तो गेला की फट दोन्हीकडून खुली होते. विजेचे बिल कमी करण्याची रीत वेगळी आहे: काम नसताना पंख्यांचा वेग उतरवायचा, पण हवेची दिशा पालटू द्यायची नाही, आणि सकाळी भरणी सुरू करण्यापूर्वी गेज पुन्हा जागेवर आल्याची खात्री करायची.