मेणावर चालणारं इंजिन

सकाळी ६:३०. दक्षिण जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या आवारातून विद्यार्थ्यांची व्हॅन रॉकेट इंजिनाच्या चाचणीला निघते. मागे पट्ट्यांनी आवळलेला काळाभोर, पोकळ ठोकळा. पॅराफिन मेण आणि काजळी. काजळीमुळे ज्वाळेची धग मेणात खोल शिरत नाही. पगार कुणालाच नाही. इंधनाचं बघणारी मुलगी प्रयोगशाळेत तासावर काम करते, त्यातून खोलीचं भाडं भागवते.

८:००. पुसापुशी. मला विचाराल तर दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. मेणाला जळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या नायट्रस ऑक्साइडच्या वाटेत तेलाचं बोटही लागलेलं चालत नाही. एकेक जोड अल्कोहोलमध्ये बुडवायचा, पुसायचा, उजेडात फिरवून बघायचा. कपाळाला हात लागला की हातमोजे बदल. जोडातली ओ-रिंग दर वेळी नवी. चार पैसे वाचवायला जुनी टाकली, तर गळतीत अख्खं इंजिन जायचं.

१०:१५. ठोकळा नळकांड्यात सरकतो. पुढे नायट्रस फवारणारा इंजेक्टर, मागे ग्रॅफाइटचं नॉझल. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळायचे. एक जण आकडा वाचतो, ती टॉर्क रेंच ओढते, तिसरा यादीवर खूण करतो.

१२:३०. पाव, चीज आणि वाट बघणं. टाकीभोवती गरम पट्टे गुंडाळलेत. वीस अंशांना नायट्रसचा दाब साधारण ५० बार, दहा अंशांना ४० च्या आसपास. थंडीत जोर कमी पडतो. बोलणं निघतं ते स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांचं. २०१६ च्या नोव्हेंबरात स्वीडनमधल्या किरुनाजवळून त्यांचं हेरोस-३ बत्तीस किलोमीटरवर गेलं, २०२३ मध्ये पुढचं रॉकेट चौसष्टवर. हेरोस-३ही मेण आणि नायट्रसवरच.

२:४०. "सगळे बाहेर!" २००७ मध्ये अमेरिकेत मोहावी इथे नायट्रसच्या स्फोटात तिघे गेले. तेव्हा इंजिन पेटवलेलंही नव्हतं, नुसता नायट्रस सोडून बघत होते. म्हणून टाकी भरताना जवळ कुणी थांबत नाही. जाड भिंतीआड कॅमेऱ्यावर बघायचं.

३:०५. व्हॉल्व्ह उघडतो. मेण वितळतं, वायूचा झोत त्याचे थेंब उडवत नेतो, ते वाटेतच जळतात. रबरी इंधनापेक्षा तिप्पट-चौपट वेगाने. भिंत थरथरते. दहा सेकंद. मग नायट्रोजन सोडून आग विझवायची.

५:३०. इंजिन निवलंय. ती उरलेला ठोकळा काढते, वजनकाट्यावर ठेवते. सकाळच्या आकड्यातून वजा, भागिले सेकंद. मग व्हर्नियरने भोकाचा व्यास मोजते, पुढे, मध्ये, मागे. पुढच्या टोकाला मेण जास्त गेलंय. "इंजेक्टर उघडू या," ती म्हणते, आणि नवे हातमोजे चढवते.