पडद्यावर न दिसणारी सुटका

वस्तुसंग्रहालयात नाणी, शस्त्रे, ताम्रपट आणि मूर्ती जतन केलेल्या असतात. जुनी चित्रफीत हीदेखील अशीच जपण्याजोगी वस्तू होय. घडलेल्या गोष्टींचे दर्शन घडविणाऱ्या चित्रपटास अनुबोधपट म्हणतात. वस्तुसंग्रहालयाच्या अंधाऱ्या दालनात असा पट दाखविला जातो, तेव्हा गतकाळ जणू डोळ्यांसमोर हालूचालू लागतो. परंतु त्यात काय दिसते, याबरोबरच काय दिसत नाही, हेही पाहावे लागते. १९१९ सालचा ‘साउथ’ हा मूकपट याचे उत्तम उदाहरण आहे.

हा पट अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेचा आहे. १९१५ च्या जानेवारीत त्यांचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज वेडेल समुद्रातील बर्फात अडकले. जहाजावर २८ माणसे होती. त्यांतील फ्रँक हर्ली या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने बर्फाच्या दाबाने मोडणारे जहाज आणि कोसळणाऱ्या डोलकाठ्या चित्रित केल्या. जहाज सोडावे लागले, तेव्हा चित्रफिती आणि काचेवरील छायाचित्रे आत पाण्याखाली राहिली होती. हर्लींनी त्या गोठवणाऱ्या पाण्यात उडी घेऊन ती बाहेर काढली. पण इतके ओझे वाहून नेणे शक्य नव्हते. सुमारे १२० काचा निवडण्यात आल्या. उरलेल्या तेथेच फोडून टाकल्या, म्हणजे पुन्हा मोह होणार नाही! मोठे कॅमेरेही मागे राहिले. हर्लींजवळ उरला तो एक लहानसा कॅमेरा आणि फिल्मची तीन रिळे.

१९१६ च्या एप्रिलमध्ये ही मंडळी तीन होड्यांतून एलिफंट बेटावर पोहोचली. त्या निर्जन बेटाकडे कोणतेही जहाज फिरकत नसे. म्हणून २४ एप्रिल रोजी शॅकल्टन पाच सोबत्यांसह ‘जेम्स केअर्ड’ या सुमारे सात मीटर लांबीच्या होडीतून मदत आणण्यास निघाले. खवळलेल्या समुद्रातून सुमारे १,३०० किलोमीटर अंतर कापून १० मे रोजी ते दक्षिण जॉर्जिया बेटास लागले. तेथून तिघांनी ३६ तास चालून हिमाच्छादित डोंगर ओलांडले आणि देवमासे पकडणाऱ्यांची वसाहत गाठली. पुढे सुटकेचे तीन प्रयत्न बर्फामुळे फसले. अखेर ३० ऑगस्ट रोजी लुईस पार्दो यांच्या नेतृत्वाखालील ‘येल्चो’ ही चिलीची लहानशी आगबोट एलिफंट बेटाजवळ पोहोचली. बेटावरील बावीसही जण जिवंत होते.

या सुटकेचा सर्वांत बिकट भाग पडद्यावर मात्र हालताना दिसत नाही. त्या होडीत चित्रण करणारा कोणी नव्हता. त्यामुळे पटात स्थिर छायाचित्रांचा आधार घ्यावा लागला. हर्लींनी १९१७ साली दक्षिण जॉर्जियास जाऊन टिपलेली तेथील पशुपक्ष्यांची दृश्येही त्यात आली. लंडनमध्ये ही चित्रे दाखविली जात असता स्वतः शॅकल्टन व्याख्यान देत. चित्र जेथे मुके होई, तेथे साक्षीदाराची वाणी बोले.

हर्लींचे एक छायाचित्र विशेष विचार करण्याजोगे आहे. किनाऱ्यावरील माणसे समुद्राकडे पाहून हात हलवीत आहेत. वस्तुतः हा २४ एप्रिलचा निरोपाचा प्रसंग. पुढे मूळ चित्रात फेरफार करून ते सुटकेच्या क्षणाचे म्हणून प्रसिद्ध करण्यात आले. हर्लींचे धैर्य खरे, त्यांची कलाही थोर; तरी ते चित्र त्या दिवसाचे नव्हे. शिवाय या फेरफाराने चित्राची थोरवी वाढली नाही, उलट कमीच झाली. सुटका दिसताच कोणीही आनंदाने हात हलवील. पण होडी परत येईल की नाही हे ठाऊक नसताना निरोपाचा हात उंचावणे आणि मग चार महिने धीराने वाट पाहणे, यास फार मोठे मनोबल लागते. मूळ चित्रात तेच मनोबल उमटले होते.

जुन्या चित्रांच्या मूळ प्रती जपून ठेवण्याचे मोल येथेच कळते. अनुबोधपट डोळे भरून पाहावा. पण पाहताना हे केव्हा टिपले, कोणी टिपले आणि त्या वेळी खरोखर काय घडत होते, असे विचारण्यासही विसरू नये.